उंबरठ्यावरचा राक्षस

नरक चतुर्दशीच्या पहाटे गोमंतकात गावोगाव नरकासुराची प्रतिमा जळते. अभ्यंगस्नान होते, तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडले जाते आणि राक्षस मेला म्हणून आपण निश्चिंत होतो. त्याच दिवशी देवदर्शनास गेलेल्या आपल्याकडे दुसरा एक राक्षस डोळे वटारून पाहत असतो. त्याला मात्र कोणी जाळीत नाही. जुन्या शिवालयांत तो उंबरठ्यावर कोरलेला असतो, देवामागील प्रभावळीच्या शिरोभागी चांदीत घडवलेला असतो. त्याचे नाव कीर्तिमुख.

त्याची जन्मकथा शिवपुराणाच्या रुद्रसंहितेत, युद्धखंडात आली आहे. जलंधर दैत्याने राहूस दूत म्हणून कैलासावर धाडले आणि प्रत्यक्ष पार्वतीची मागणी केली. तेव्हा शंकराच्या भ्रूमध्यातून एक सिंहमुखी, भयंकर पुरुष प्रकटला व राहूस खाण्यास धावला. राहू शरण आला, म्हणून शंकराने त्यास सोडविले. पण भूक तर उरलीच! “मी काय खाऊ?” असे त्या पुरुषाने विचारले. “आपलेच हातपाय खा,” अशी आज्ञा झाली. त्याने स्वतःचे सर्व शरीर खाल्ले. मस्तक तेवढे उरले. प्रसन्न झालेल्या शंकराने त्यास कीर्तिमुख हे नाव देऊन आपल्या दारी नेमले, आणि जे आधी याचे पूजन करणार नाहीत त्यांची पूजा व्यर्थ जाईल, असे सांगितले.

शिल्पांत हे मुख फार जुने आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत ते इसवी सनाच्या ५ व्या शतकात दिसते. पुढे मंदिरांच्या भिंतींवर त्याच्या रांगाच कोरल्या गेल्या. शिल्पशास्त्रात त्यांस ग्रासपट्टी म्हणतात. समुद्रापार जावा बेटात, ९ व्या शतकातील प्रंबाननच्या मंदिरांत, तेच मुख ‘काल’ या नावाने द्वारावर बसले आहे.

आम्हांस या कथेत मनुष्यस्वभावाचे मोठे मार्मिक चित्र दिसते. तो क्रोध अन्यायातून जन्मला, म्हणून अयोग्य नव्हता. परंतु अपराधी शरण आल्यावरही क्रोधाची भूक शमत नाही. ती दुसरे भक्ष्य शोधू लागते. पालखीस खांदा कोणी द्यावा, पहिला प्रसाद कोणाचा, अशा मानपानावरून एकाच कुळाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या दावे लढतात. मूळ अपमान करणारा केव्हाच निवर्तलेला असतो. त्याच्या नातवंडांशी आपण अबोला धरतो. ही राहू सुटल्यानंतरची भूक होय.

नरकासुर आपल्याबाहेरचा, म्हणून त्याला जाळणे सोपे. कीर्तिमुख आपल्या आतला आहे. त्याला मारावयाचे नसते. त्याची भूक दुसऱ्यावर न सोडता त्याची त्यालाच गिळावयास लावायची असते. एवढे ज्याला साधले त्यालाच देवाने आपला द्वारपाल केले. उंबरठ्यास हात लावून तो मस्तकी नेताना आपण ज्याला वंदन करतो, तो हा आहे. ते वंदन करून आत गेल्यावर ज्याच्याशी आपला अबोला आहे तो शेजारी उभा असेल, तर त्याच्याशी प्रथम बोलावे.