१९ जानेवारी : खो-खोचे पहिले विश्वविजेतेपद

२०२५ साली आजच्याच दिवशी, रविवारी, दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलात पहिल्या खो-खो विश्वचषकाचे दोन्ही अंतिम सामने झाले. दोन्हींत भारताचा प्रतिस्पर्धी नेपाळ. आधी महिलांनी ७८-४० अशी बाजी मारली, पाठोपाठ पुरुषांनी ५४-३६ अशी. अभिमानाची गोष्ट ही की, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे!

खो-खोचे नियम पहिल्यांदा बांधले गेले तेही १९१४च्या सुमारास पुण्यातच. तेव्हा खेळ मातीतला होता. विश्वचषक मॅटवर रंगला. पण पाठीत थाप देऊन दिलेला खो, खांबाला घातलेला वळसा आणि ऐनवेळी मारलेला सूर तोच राहिला.

मेहकर तालुक्यातल्या जानेफळसारख्या गावाला हा विजय आपला का वाटावा? या खेळाला महागडे साहित्य लागत नाही. दोन खांब, फक्कीच्या रेघा आणि दमदार पाय एवढ्यावर तालुक्यातल्या कुठल्याही शाळेचे मैदान सजते. गुडघे फुटतात, पण घंटा झाली तरी पोरी मैदान सोडत नाहीत. त्या संध्याकाळी जगज्जेता ठरला तो त्यांचाच खेळ.