वारा वळतो, पाणी हिरवं होतं

रोह्याला ओहोटी लागली आहे. होडी पाण्याच्या ओढीनेच साळाव-रेवदंड्याकडे निघते, आणि तुम्ही काठ बघत असतानाच धाटावच्या एमआयडीसीच्या चिमण्या एकेक करून नाहीशा होतात. काळ उलटा फिरतो आहे. १९२७ च्या मागे गेलात की कुंडलिकेचं उन्हाळ्यातलं पाणीही उतरतं, कारण मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून अजून इकडे यायचं आहे. मुखाशी पोचता तेव्हा पंधरावं शतक चालू आहे. चौलच्या बंदरात गलबतं वाऱ्याची वाट बघत उभी आहेत. एका वाऱ्यावर यायचं, दुसऱ्यावर अरबस्तानाकडे परतायचं. हे दोन वारे नीट ओळखून ठेवा. पुढचं सगळं तेच घडवतात.

आधी नैर्ऋत्येचा. साल १९०८, मलबारचा किनारा. पावसाळाभर वाऱ्याने वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटलं आहे आणि त्याच्या जागी खालचं गार पाणी वर आलं आहे. त्यात नायट्रेट-फॉस्फेट भरपूर, प्राणवायू मात्र जेमतेम. पावसाच्या गोड्या पाण्याचा हलका थर वर पसरला की खालच्या पाण्याला हवाही मिळत नाही. पाण्याचा रंग पालटतो, मासळी मरून काठाला लागते. मद्रास प्रांतातले मत्स्यशास्त्रज्ञ जेम्स हॉर्नेल तिची नोंद घेत आहेत. १९१७ साली ते या मरतुकीमागे एक सूक्ष्म जीव असल्याचं छापून मांडतील. आपल्या रायगडाकडे खालचं पाणी वर येण्याचा हा जोर केरळ-कर्नाटकाइतका नसतो. पण समुद्र एकच आहे.

आता ईशान्येचा वारा घ्या आणि अरबी समुद्राच्या उत्तर भागात या. १९९० च्या दशकातला फेब्रुवारी. हिमालयाकडून आलेल्या कोरड्या, थंड वाऱ्याने वरचं पाणी गारठतं, जड होऊन खाली बसतं आणि घुसळणीत खालची खतं वर येतात. बादलीभर पाणी काढा: त्यात डायाटम, काचेच्या कवचाची सूक्ष्म शैवालं. त्यांना बारीक जीव खातात, त्या जिवांना मासे.

दहा-पंधरा वर्षं पुढे या. महिना तोच, जागा तीच. बादलीत मात्र दाट हिरवं पाणी. थेंब भिंगाखाली धरा. भिजलेल्या साबुदाण्यासारखा पारदर्शक, पण जेमतेम टाचणीच्या डोक्याएवढा गोळा, त्याला एक शेपूट, आणि पोटात असंख्य हिरवे ठिपके पोहताहेत. हा नॉक्टिल्युका. ठिपके म्हणजे त्याने पोसलेली शैवालं. ती उन्हावर अन्न करतात आणि तो स्वतः शिकारही करतो. त्याला खाणारे थोडेच, मुख्यतः जेलीफिश आणि साल्प नावाचे तसेच लिबलिबीत जीव. म्हणजे माशांपर्यंत जाणारी अन्नाची वाट मधेच तुटते.

हे का झालं? मूळचे गोव्याचे शास्त्रज्ञ हेल्गा गोम्स आणि जोकिम गोएस यांनी २०१४ मध्ये मांडलं की कमी प्राणवायूचं पाणी वर सरकू लागलं आणि ते या जिवाला मानवलं. हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राच्या शास्त्रज्ञांना २०१८ मध्ये ईशान्य अरबी समुद्रात प्राणवायू पुरेसा असतानाही हाच बहर आढळला. वाद मिटलेला नाही, आणि मला तो मोलाचा वाटतो. कारण नेमकं कळल्याशिवाय अंदाज वर्तवता येत नाही.

नोव्हेंबर २०२०, जुहू. लाटा निळ्या चमकताहेत, लोक मोबाइल उंच धरून उभे आहेत. असा उजेड बहुधा नॉक्टिल्युकाचाच. तो दिसतो तरी. विष करणारी शैवालं वेगळी, आणि ती अनेकदा दिसतही नाहीत. सप्टेंबर १९९७ मध्ये केरळच्या विळिंजमला शिणाणे खाऊन सात माणसं दगावली, पाचशेहून अधिक आजारी पडली. शिंपले पाणी गाळून जगतात, त्यामुळे विष त्यांच्या मांसात साठतं. चवीला काही कळत नाही आणि शिजवूनही ते जात नाही.

परत या, धरमतरच्या खाडीतून पेणकडे. इथे जिताड्याला मान आहे, कालवं-शिवल्यांना चव आहे. हात कोपरापर्यंत बुडवा, बोटं दिसणार नाहीत इतका गाळ. हा गाळ ऊन अडवतो, म्हणून गावांचं सांडपाणी आणि शेतातली खतं मिळूनही खाडीत शैवालांना मोकळं रान मिळत नाही. पण तीच खतं ओहोटीबरोबर मुखापाशी जातात, जिथे पाणी निवळतं आणि ऊन आत शिरतं. वारा आपल्या हातात नाही, सांडपाणी आणि खतं पाण्यात सोडणं मात्र आहे.

इन्कॉइस उपग्रहावरून शैवालांच्या बहराची माहिती देतं, पण अरुंद, गढूळ खाडीत उपग्रहाची नजर पोचत नाही. त्यासाठी धरमतर आणि रेवदंड्याच्या शिंपल्यांची नियमित तपासणीच हवी, आणि ती आपण मागून घ्यायला हवी. तोवर एवढं करा: पाण्याचा रंग पालटलेला दिसला, मेलेली मासळी काठाला लागली, तर त्या दिवसांत तिथली कालवं-शिवल्या काढू नका, विकत घेऊ नका. खाल्ल्यावर ओठ किंवा बोटं बधिर वाटली तर थांबू नका, दवाखाना गाठा आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना आधी सांगा.