फिल-सी : लिनक्स वितरणासाठी पॅकेजिंग

फिल-सी हा सी व सी++ भाषांतील प्रोग्रॅम स्मृती-सुरक्षित बनवणारा कंपायलर. फिलिप पिझ्लो यांनी तो एलएलव्हीएम व क्लँग यांच्या पायावर रचला. प्रत्येक पॉइंटरला स्मृतीच्या कोणत्या भागात जाण्याची मुभा आहे, याची अदृश्य नोंद ठेवली जाते. मोकळी झालेली स्मृती गार्बेज कलेक्टर सांभाळतो. मर्यादा ओलांडणारा प्रोग्रॅम तिथेच बंद पाडला जातो.

लिनक्स वितरणात तो आणण्याची खरी अडचण कंपायलर बांधण्यात नसून त्याच्या एबीआयमध्ये, म्हणजे कंपाइल झालेले भाग एकमेकांना जोडण्याच्या संकेतांमध्ये आहे. फिल-सीने बनवलेला प्रोग्रॅम नेहमीच्या सी-लायब्ररींना जोडता येत नाही. कर्ल हा एकच प्रोग्रॅम हवा असला, तरी ओपनएसएसएल, झेडलिबपासून थेट ग्लिबसीपर्यंतची सारी उतरंड पुन्हा कंपाइल करावी लागते. दोन्ही प्रकारच्या लायब्ररी एकाच यंत्रावर नांदवायच्या, तर डिरेक्टरी वेगळ्या हव्यात. निरनिराळ्या प्रोसेसरांसाठी आखलेली डेबियनची मल्टीआर्च पद्धत इथे अनपेक्षितपणे कामी येते : फिल-सीला वेगळे आर्किटेक्चरच मानायचे. पिझ्लो यांचे ‘पिझलिक्स’ हे वितरण ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’वर आधारलेले आहे; त्यातले कर्नल मात्र साध्या सीचेच.

पॅकेज करणाऱ्याचा वेळ खातात ते असेंब्लीचे तुकडे आणि पॉइंटरला पूर्णांक समजून साठवणारे जुने प्रोग्रॅम. पायथनसारख्या इंटरप्रिटरलाही पॅच लावावे लागतात. वेग घटतो, स्मृती जास्त लागते. त्यामुळे सगळे वितरण बदलण्यापेक्षा ओपनएसएसएचसारख्या, नेटवर्कवरून हल्ला होऊ शकणाऱ्या प्रोग्रॅमांपासून आरंभ करणेच शहाणपणाचे. फिल-सी ६४-बिट एक्स८६ लिनक्ससाठी उपलब्ध आहे.