केल्पच्या जंगलात एकट्याने

कॅलिफोर्नियासमोरच्या सांता कॅटलिना बेटावर अ‍ॅव्हलॉन हे गाव आहे. तिथे १९२९ साली उभी राहिलेली गोल कॅसिनो इमारत आहे आणि तिच्या पायथ्याशी समुद्रातला डाइव्ह पार्क. पायऱ्या उतरलं की समोर केल्पचं जंगल! इथे एकट्याने उतरावं का, हा वाद जुना आहे. त्याचं मूळ उपकरणांत आहे.

१९४३ मध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी अ‍ॅक्वालंग तयार केलं. सुरुवातीला बहुतेकांकडे हवेचा दाब दाखवणारं मीटरच नसे. श्वास जड झाला की टाकीचा दांडा ओढून राखीव हवा सोडायची. तो आधीच ओढला गेला असेल तर? मग जोडीदाराचाच माउथपीस आळीपाळीने तोंडात धरायचा. म्हणजे जोडीदार हीच खरी राखीव टाकी होती. १९५४ पासून लॉस एंजेलिस परगण्याने प्रशिक्षक घडवायला सुरुवात केली आणि 'जोडीनेच उतरा' ही शिस्त पुढे रुजत गेली.

नंतर मीटर आलं. आज एकटा उतरणारा वेगळी छोटी टाकी आणि तिचा स्वतंत्र रेग्युलेटर बाळगतो. मग जोडीदार कशाला, असं वाटेल. पण केल्पचा देठ पाठीमागे, टाकीच्या तोंडाशी अडकतो. ओढून तो तुटत नाही, वाकवला की मोडतो. घाबरलेला माणूस मात्र ओढतच राहतो. आणि शुद्ध हरपली तर?

दुसरी टाकी जोडीदाराची हवा देते. त्याचे डोळे आणि हात देत नाही.