नाशिकच्या कांद्याचं पाणी आणि गिऱ्हाईक

श्रीलंकेत मोठ्या कांद्याला ‘बोंबाय लूनु’ म्हणतात. लूनु म्हणजे कांदा. इंडोनेशियात त्याचं नाव ‘बावांग बोंबाय’. गंमत म्हणजे जकार्तातला बावांग बोंबाय आज अनेकदा न्यूझीलंडहून किंवा नेदरलँड्सहून आलेला असतो, तरी नाव मात्र मुंबईचंच चिकटलेलं आहे. मुंबईत कांदा पिकत नाही हे सांगायला नको. माल ज्या बंदरातून गेला त्या बंदराचं नाव त्याला पडलं आणि ज्या शेतातून तो आला ती शेतं नावातून गळाली.

मी मूळची वनस्पतिशास्त्राची. एम.एस्सी. करताना पिकाकडे पान, मूळ, प्रकाश, तापमान अशाच नजरेने बघायची सवय लागली. पीएच.डी.साठी सिंचनाच्या इतिहासाकडे वळले, तेव्हा जाणवलं की तिथेही एक ठरलेला क्रम असतो: धरण झालं, कालवा आला, बागायत आली, मग बाजार आला. विकासाचे बहुतेक अहवाल याच क्रमाने लिहिलेले असतात, मग ते महाराष्ट्राचे असोत की आफ्रिकेतल्या एखाद्या देशाचे. नाशिक जिल्ह्याचा कांदा या क्रमात बसत नाही. तो का बसत नाही आणि त्याचं आज शेतकऱ्याला काय पडतंय, ते या लेखात सांगायचा प्रयत्न करते.

आधी कालव्यांचं बघू. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात, तिथे नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा १९०७ ते १९१३ या काळात बांधला गेला. वर दारणा धरण झालं ते १९१६ च्या सुमारास. मागे १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे लागोपाठचे भयंकर दुष्काळ होते. या कामांमागचा सरकारी हेतू दुष्काळनिवारणाचा होता, म्हणजे ज्वारी-बाजरी जगवायची आणि माणसं वाचवायची. प्रत्यक्षात कालव्याचं बरंचसं पाणी निफाड ओलांडून खाली कोपरगावकडे गेलं आणि ऊस वाढवू लागलं. बंधारा एका तालुक्यात आणि भिजलेलं शिवार दुसऱ्या जिल्ह्यात, ही तक्रार निफाड-येवल्याकडे आजही ऐकू येते.

कांदा कालव्याच्या भरवशावर वाढणारं पीक नव्हे. त्याची मुळं उथळ असतात, फार तर वीतभर खोल. थोडं थोडं पाणी वरचेवर द्यावं लागतं, आणि तेही पिकाला हवं तेव्हा. उन्हाळ कांद्याला लागणीपासून काढणीपर्यंत बारा-पंधरा पाळ्या सहज लागतात. कालव्याचं आवर्तन तीन-चार आठवड्यांनी येणार, ते उसाला चालतं. कांद्याचं रोप तेवढ्यात मान टाकतं. म्हणून नाशिकचा कांदा मुख्यतः विहिरीवर वाढला. आधी मोट, मग ऑइल इंजिन, मग विजेची मोटर. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर झालेल्या पाझर तलावांनी विहिरींना थोडा आधार दिला, आणि आता देवळा, चांदवड, सटाणा भागात प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली शेततळी दिसतात. विहीर, मोटर, पाइपलाइन, तळं यातलं बरंचसं शेतकऱ्याच्या घरच्या पैशातून किंवा कर्जातून झालेलं आहे. ‘सिंचन प्रकल्प’ म्हटलं की डोळ्यापुढे धरण येतं, पण या पिकाचा सिंचन प्रकल्प हजारो सातबाऱ्यांवर विखुरलेला आहे.

(मोसम आणि पांझरा नद्यांवरची फड पद्धत याहून कितीतरी जुनी. गावाने मिळून बंधारा सांभाळायचा, शिवाराचे फड पाडायचे आणि एका फडात एकच पीक घ्यायचं. त्यावर वेगळा लेख लिहीन, नाहीतर इथे गाडी रुळावरून घसरेल.)

रुळांचा विषय निघालाच आहे तर, थळ घाटातला लोहमार्ग १८६५ मध्ये सुरू झाला आणि नाशिकचं पठार मुंबई बंदराला थेट जोडलं गेलं. लासलगाव त्याच मार्गावरचं स्टेशन. तिथली बाजार समिती १ एप्रिल १९४७ ची, म्हणजे स्वातंत्र्यापेक्षा साडेचार महिन्यांनी मोठी. पालखेड धरण मात्र १९७० च्या दशकातलं. म्हणजे रूळ आधी आले, त्यांच्या कडेने बाजार बसला, आणि गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर लोकांनी विहिरी खोल नेल्या. अहवालांतला क्रम इथे बराचसा उलटा आहे.

आता थोडं वनस्पतिशास्त्र, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कांद्याचा गड्डा केव्हा धरायचा हे दिवसाची लांबी ठरवते. युरोपातल्या जातींना त्यासाठी चौदा-सोळा तासांचा दिवस लागतो. नाशिक साधारण २० अक्षांशावर आहे आणि इथला मोठ्यात मोठा दिवसही साडेतेरा तासांच्या आतच असतो. त्या जाती इथे लावल्या तर पात जोरात येईल, गड्डा धरणार नाही. आपल्या जाती आखूड दिवसाच्या, साधारण बारा तासांच्या दिवसातही गड्डा धरणाऱ्या. उन्हाळ कांद्याची लागण डिसेंबर-जानेवारीत होते, पुढे दिवस वाढत जातो, ऊन तापतं, मार्च-एप्रिलमध्ये माना पडतात आणि हवा कोरडी असल्यामुळे मान घट्ट मिटून वरची साल छान सुकते. हा कांदा चाळीत चार-सहा महिने टिकतो. खरिपाचा लाल कांदा याच्या उलट. तो दिवस लहान होत असताना आणि ओल असताना वाढतो, मान जाड राहते, आणि काढल्यावर तो महिनाभरात विकावाच लागतो.

म्हणजे वर्षाचं चित्र असं: एप्रिल-मेमध्ये चाळी भरायच्या आणि ऑक्टोबरपर्यंत त्यावर देश चालवायचा. मग लाल कांदा येतो. तो पावसाने बिघडला किंवा लांबला, तर सप्टेंबर ते डिसेंबर हा फटीचा काळ. चाळीतला जुना माल संपत आलेला, वजन घटलेलं, कोंब यायला लागलेले, आणि नवा माल शेतातच.

शेजाऱ्यांची गरजही याच फटीत येते. बांगलादेशचं मुख्य पीक मार्च-एप्रिलच्या सुमारास निघतं, पण तिथल्या दमट हवेत ते साठवणं कठीण. म्हणून पावसाळा सरताना त्यांची नजर आपल्याकडे वळते. दोन्ही देशांवर पाऊस एकच, त्यामुळे टंचाईही बरेचदा एकत्र येते. मला वाटतं, या व्यापाराची खरी अडचण इथे आहे. आपल्याकडे जास्त असतं तेव्हा त्यांना कमी लागतं, आणि त्यांना हवं असतं तेव्हा दिल्लीत भाव भडकलेले असतात. निर्यातबंदीला नुसता दुष्टपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण १९९८ च्या विधानसभा निवडणुकीत दिल्लीतलं सरकार कांद्यावरून पडलं असं आजही सांगितलं जातं, आणि ती आठवण कुठल्याच पक्षाचा मंत्री विसरलेला नाही.

तरीही बंदीचं बिल कुणाच्या नावावर फाटतं ते बघायलाच हवं. तारखा बघा. २९ सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी. त्यानंतर काही दिवसांतच दिल्ली भेटीवर आलेल्या शेख हसीना यांनी जाहीर कार्यक्रमात हसत हसत तक्रार केली, की निदान आधी कळवायचं तरी, मला स्वयंपाक्याला कांदा बंद कर म्हणून सांगावं लागलं. ढाक्यात मात्र कुणी हसत नव्हतं. त्या नोव्हेंबरात बांगलादेशने विमानाने कांदा मागवला. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्त्याच्या सीमा अडल्या होत्या तेव्हा, नाशिक जिल्ह्यातून कांद्याच्या मालगाड्या थेट बांगलादेशातल्या दर्शना स्टेशनला गेल्या. रेल्वेने त्याची अभिमानाने बातमी दिली. चार महिन्यांनी, १४ सप्टेंबर २०२० ला, पुन्हा बंदी आली आणि सीमेवर भरलेले ट्रक अडकून पडले. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरमध्ये पूर्ण बंदी आली, आणि ती मे २०२४ पर्यंत चालली.

सप्टेंबरातली बंदी चाळीवाल्याला मारते. त्याने पाच महिने माल सांभाळलेला असतो, दर महिन्याला वजन घटताना बघितलेलं असतं, आणि चाळ फोडायच्या आठवड्यातच भाव बसतो. डिसेंबर २०२३ ची बंदी लाल कांदेवाल्यावर आली, ज्याच्याकडे थांबायचा पर्यायच नव्हता. लिलाव बंद पडले, मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला. १९७८ पासून शरद जोशींनी चाकणला कांद्याच्या भावावरून आंदोलन उभं केलं आणि १९८० मध्ये ते नाशिकच्या रस्त्यांवर आणि रुळांवर आलं, तेव्हाही मूळ प्रश्न हाच होता. पाणी शेतकऱ्याने आणलं, मग भावाची चावी दुसऱ्याच्या हातात का?

देवळ्याकडच्या एका शेतकरी आजींना मी विचारलं, “आजी, शेततळं कुणाच्या भरवशावर खणलं?” मला वाटलं होतं, त्या अनुदानाचं किंवा पावसाचं काहीतरी सांगतील. त्या म्हणाल्या, “कोणाच्या म्हणजे? माल तिकडं बांगलादेशला जायचा ना बाई, त्याच्यावर.” कर्ज काढताना त्यांच्या हिशोबात ढाक्याचं गिऱ्हाईक धरलेलं होतं. आपण सिंचनक्षेत्राचे आकडे मोजतो, विहिरी मोजतो, पण हा भरवसा कुठल्याच तक्त्यात येत नाही. आणि माझं म्हणणं एवढंच आहे, की तोही बंधाऱ्यासारखाच वर्षानुवर्षं बांधावा लागतो. गाळ न काढलेला बंधारा जसा भरत जातो, तसा तोही निकामी होतो.

शेजारी गप्प बसलेले नाहीत. श्रीलंकेने १९८० च्या दशकापासून महावेली प्रकल्पाच्या पाण्यावर आणि डांबुल्ला, मातले भागात मोठा कांदा वाढवायला घेतला. त्यांचं पीक ऑगस्ट ते ऑक्टोबरात निघतं. त्या सुमारास आयात कांद्यावरचा कर वाढवून ते आपल्या शेतकऱ्याला आडोसा देतात. आपण निर्यात अडवतो तेव्हा आपल्या खाणाऱ्याला सांभाळतो, ते आयात अडवतात तेव्हा त्यांच्या पिकवणाऱ्याला. दोन्ही सरकारं आपापल्या परीने बरोबरच वागतात, आणि मधला व्यापार बारीक होत जातो. पाकिस्तान, चीन, इजिप्त यांना जागा मिळत जाते.

बांगलादेशची गोष्ट तर मला सगळ्यात बोलकी वाटते. २०१९ आणि २०२० च्या फटक्यांनंतर त्यांनी फटीच्याच काळात निघेल असा कांदा घरी पिकवायचं मनावर घेतलं. त्यासाठी दमट हवेत, पावसाळी दिवसांत गड्डा धरणारी जात हवी होती. तिथल्या कृषी खात्याने शेतकऱ्यांना प्रोत्साहन म्हणून जे बियाणं वाटलं, त्यात एक जात होती एन-५३. ही एन-५३ आपल्याकडची जुनी खरीप जात. नाशिकच्या स्थानिक कांद्यातून, निफाडच्या संशोधन केंद्रावर निवडलेली.

म्हणजे निफाडच्या मातीत निवडलेलं बी आता निफाडच्याच गिऱ्हाइकाला स्वतःच्या पायावर उभं करतंय. वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला याचा आनंदच होतो. बियाण्याने हेच करायचं असतं, आणि तिथल्या शेतकऱ्याच्या घरात चार पैसे आले तर वाईट काय? पण आजींच्या शेततळ्याचे हप्ते अजून संपलेले नाहीत.

१ एप्रिल २०२५ पासून उरलेलं निर्यातशुल्कही गेलं. म्हणजे दार आता उघडं आहे. दाराबाहेर पूर्वीइतकं गिऱ्हाईक उभं आहे का, हे कळायला अजून दोन-तीन हंगाम लागतील.

तोवर माझं काम जुन्या कागदांवर चालू आहे. बाजार समित्यांच्या नोंदी आवकेचे क्विंटल आणि भाव सांगतात, पण एका घराने कोणत्या वर्षी विहीर खणली आणि त्या वर्षी कांद्याचे किती झाले, हे फक्त घरातल्या हिशोबपट्ट्या सांगतात. वजन, भाव, हमाली, तोलाई, हातात आलेले रुपये, सगळं त्या चिठोऱ्यावर असतं. तुमच्या आजोबांच्या ट्रंकेत, तारेला टोचलेल्या अशा पट्ट्या असतील, विशेषतः १९९० च्या आधीच्या, तर टाकून देऊ नका. मला कळवा. मी येऊन फोटो काढून घेईन, पट्ट्या तुमच्याकडेच राहतील.