तळटीप : जाड चोच आणि कुळ

१. लेखकाने कन्हेरीच्या माळावरच्या चिमणी-भारीटांबरोबर, हिमालयातून हिवाळ्यात महाराष्ट्रात उतरणाऱ्या रोझफिंचलाही ‘दाणेखाऊ’ म्हणून एकाच गटात बसवले आहे. आहारापुरते ते ठीक. वर्गीकरण म्हणून टिकत नाही. दाणे फोडणारी जाड चोच वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे घडू शकते, म्हणून नात्याचा पुरावा म्हणून ती दुबळी. भारीट पूर्वी फिंचांच्याच कुळात गणले जात. आता त्यांचे कुळ वेगळे, चिमणीचे तिसरेच. रंगही तितकाच फसवा. नराच्या तांबूस पिसांवरून अमेरिकेतला हाउस फिंचही रोझफिंचांच्या कार्पोडॅकस प्रजातीत घातला गेला होता. डीएनएच्या तुलनेनंतर त्याला हिमोऱ्हस या वेगळ्या प्रजातीत हलवावे लागले. यावर कोणी म्हणेल, आपल्याकडे येणाऱ्या, पालासने १७७० साली वर्णिलेल्या सामान्य रोझफिंचला काही अभ्यासक एरिथ्रिना या स्वतंत्र प्रजातीत ठेवतात, मग डीएनएने तरी काय मिटले? (पांगाऱ्याच्या प्रजातीचे नावही हेच, पण वनस्पती आणि प्राणी यांच्या नामकरणाचे नियम निराळे, त्यामुळे अडत नाही.) वाद आहे तो फांदीला नाव कोणते द्यावे याचा, ती आशियाई रोझफिंचांच्याच बुंध्यातून लवकर फुटली, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. म्हणून या आवृत्तीत कार्पोडॅकसच ठेवले आहे. – संपा.