दुसऱ्या बाटलीची कुळकथा

शाळेच्या प्रयोगशाळेत एक बाटली अशी असते की तिच्याकडे कुणी फारसं पाहत नाही. मोड आलेले हरभरे श्वास घेतात हे दाखवायचं, तर एका बाटलीत मोड आलेले हरभरे ठेवतात आणि शेजारच्या बाटलीत तेच हरभरे उकडून ठेवतात. उकडलेल्यांवर बुरशी चढून तीच श्वास घेऊ लागू नये, म्हणून वर थोडं जंतुनाशक घालतात. या दुसऱ्या बाटलीत काही घडत नाही, आणि काही न घडणं हेच तिचं काम. इंग्रजीत तिला कंट्रोल म्हणतात. मराठीत त्याचं ‘नियंत्रण’ झालं आणि माझ्या मते तिथेच गोची झाली. मध्ययुगीन फ्रान्स-इंग्लंडात हिशेब चर्मपत्राच्या गुंडाळीवर लिहीत. ती गुंडाळी म्हणजे ‘रोल’. लिहिणाऱ्याची चूक किंवा लबाडी उघडी पडावी म्हणून तोच हिशेब वेगळ्या गुंडाळीवरही ठेवत, ती ‘काँत्र-रोल’. ताब्यात ठेवणं, आवर घालणं हा अर्थ मागून आला. रेशनच्या दिवसांत आपल्याकडे आलेलं ‘कंट्रोलचं धान्य’ या मागाहूनच्या अर्थाचं. मूळ अर्थाची खूण ‘कॅग’च्या नावातल्या ‘काँप्ट्रोलर’मध्ये शिल्लक आहे, आणि गंमत अशी की त्यालाही आपण ‘नियंत्रक’च म्हणतो. दुसऱ्या बाटलीत आहे तो हाच हिशेबनिसाचा अर्थ. त्याला तोलामोलाचा मराठी शब्द गणिताच्या वहीत तयार होता: ताळा, किंवा पडताळा.

यावर कुणी म्हणेल, प्रयोगात नियंत्रणही असतंच की. दोन्ही बाटल्यांना सारखीच ऊब, सारखाच उजेड, सारखंच पाणी द्यावं लागतं. खरं आहे. पण ती प्रयोग करणाऱ्याच्या हाताची शिस्त झाली. दुसरी बाटली स्वतः कशालाच आवर घालत नाही. ती फक्त पहिलीचा हिशेब तपासते, आणि तपासनीसच कच्चा निघाला तर काय होतं हे फ्रान्चेस्को रेदीच्या प्रयोगात दिसतं. सडक्या मांसातून अळ्या आपोआप उपजतात हा समज खोडायला या इटालियन वैद्याने काही बरण्या उघड्या ठेवल्या, काही घट्ट बंद केल्या. बंद बरण्यांत अळ्या पडल्या नाहीत. पण माश्यांबरोबर हवाही बंद झाली होती. हवेवाचून जीव कसा उपजेल, असं विचारायला जागा उरली. म्हणून त्याने बरण्यांच्या तोंडांवर तलम जाळीचं कापड ताणलं. हवा आत गेली, माश्या बाहेर राहिल्या, आणि मांसावर तरीही अळी पडली नाही. १६६८ मध्ये छापलेल्या त्याच्या पुस्तकातली खरी कमाई मला ही जाळी वाटते. दोन बरण्यांत फरक एकच उरला पाहिजे, हा धडा तिने दिला.

फ्रेंच भाषेत या तुलनेच्या गटाला ‘तेम्वँ’ म्हणजे साक्षीदार म्हणतात. शब्द देखणा आहे, पण त्याने एक अवघड प्रश्न पुढे येतो. १८८१ मध्ये पुयी-ल-फोर या गावी लुई पाश्चरने २४ मेंढ्यांना अँथ्रॅक्सची लस टोचली, २४ तशाच ठेवल्या आणि मग सगळ्यांना जिवंत जंतू टोचले. साक्षीदार मेंढ्या एकूण एक मेल्या. त्यांच्या मरणाशिवाय साक्ष पुरी होत नव्हती. मग कुणी विचारील की नीतीचा आग्रह धरला तर पडताळा कसा मिळायचा? पाश्चरपुरता हा प्रश्न रास्त आहे, कारण उत्तर तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. शाळेत मात्र उत्तर पुस्तकात छापलेलं असतं. शिकायची असते ती तपासायची रीत. आणि तिच्यासाठी जीव लागत नाही, हे जोसेफ प्रीस्टलीने १७७१ मध्येच दाखवून ठेवलं आहे. मेणबत्ती जळून विझलेली हवा त्याने दोन भागांत वाटली. एकात पुदिन्याचं रोप ठेवलं, दुसरा भाग रोपाविना तसाच राहू दिला. रोपाच्या हवेत मेणबत्ती पुन्हा पेटली, दुसऱ्या हवेत पेटली नाही. साक्षीला मेणबत्ती पुरली. तरी त्याने उंदीरही वापरले, आणि पाठ्यपुस्तकांतल्या चित्रांत काचेच्या हंडीखाली बसला तो उंदीरच. त्याच्या प्रयोगासाठी रात्रभर पिंजऱ्यात अडकून पडलेल्या एका उंदराच्या वतीने ॲना एकिन या त्याच्या स्नेही कवयित्रीने अर्जाच्या रूपात कविता लिहिली. १७७३ मध्ये ती छापून आली. प्राण्यांवरच्या प्रयोगांबद्दलची कुरकुर आजच्या हळव्या मनांची आहे म्हणणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावं.

तासाला वेळ नसतो, दोन-दोन बाटल्या कुठे मांडणार, हा शिक्षकांचा आक्षेप खोटा नाही. पण कितीदा तरी पडताळा फुकट मिळतो. पानाच्या मधोमध काळ्या कागदाची पट्टी लावली की झाकलेल्या भागाचा ताळा त्याच पानाचा उघडा भाग देतो. जिना चढण्याआधीची नाडी हा चढल्यानंतरच्या नाडीचा ताळा. फक्त दम्याच्या मुलाला चढायला लावू नये, त्याच्या हाती घड्याळ द्यावं. वेळ खर्चावा तो अर्ध्या पानाच्या प्रसिद्ध प्रयोगावर. त्यात पानाचा अर्धा भाग बुचातून बाटलीत सरकवतात. तळाशी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण असतं, ते आतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. पुढे आयोडीन टाकल्यावर बाहेरचा अर्धा भाग निळा-काळा होतो, आतला होत नाही, आणि बाहेरचा अर्धा हाच पडताळा असं वहीत लिहिलं जातं. रेदीच्या बंद बरण्यांतली चूक इथे जशीच्या तशी आहे: आतल्या अर्ध्या भागाला कार्बन डायऑक्साइडचा तुटवडा आहे, शिवाय काचेचा आडोसा आणि कोंडलेली दमट हवाही आहे. खरा ताळा हवा तर दुसरं पान तशाच बाटलीत, तशाच बुचातून घालावं आणि तळाशी द्रावणाऐवजी नुसतं पाणी ठेवावं. हायड्रॉक्साइडने कातडी भाजते, म्हणून पहिली बाटली शिक्षकांनी भरावी. पाण्याची बाटली भरायला कुणाही मुलाला सांगता येतं.